चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?

२०२३ च्या दिवाळीआधीची आवराआवर चालली होती. माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला मी स्टुलावर चढले, मान वर केली आणि अख्खं घर गर्रकन फिरलं. कपाटाची कड हाताला लागली म्हणून पडले नाही, एवढंच. खाली बसले, डोळे गच्च मिटले, अर्ध्या मिनिटात सगळं शांत. सासूबाई म्हणाल्या, "उपाशीपोटी चढलीस ना वर, पित्त चढलं." मुलगा म्हणाला, "आई, बीपी बघून घे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "मानेचा मणका असणार बघ. माझ्या बहिणीला अगदी अस्संच झालं होतं." डॉक्टरकडे जायच्या आधीच घरातल्या घरात तीन निदानं झाली.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हे असंच होतं ना?

चक्कर पुन्हा पुन्हा येऊ लागली. पहाटे उजव्या कुशीवर वळलं की, गच्चीत कपडे वाळत घालताना वर बघितलं की, देवघरात वाकून उठलं की. शेवटी जवळच्या दवाखान्यात गेले. एक्स-रे झाला. "स्पॉन्डिलोसिस आहे, मणक्यात गॅप आहे," असं सांगण्यात आलं आणि गळ्यात पट्टा आला. चक्करच्या गोळ्या सुरू झाल्या. फरक पडेना म्हणून एमआरआय केला. रिपोर्टात लिहिलेलं होतं, मानेच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती थोडी फुगली आहे. झालं! 'गादी सरकली' ही बातमी दुपारपर्यंत नात्यागोत्यात पोहोचली.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने मी काय काय केलं ते सांगितलं तर हसाल. कोणीतरी दिलेलं तेल रोज मानेला चोळलं. वजन लावून मान ओढून घेतली. लोहचुंबकाची माळ घातली. एका लग्नात लांबच्या नात्यातल्या पायाळू मुलाला शोधून काढून त्याचा पाय पाठीला लावून घेतला. तो बिचारा सातवीतला पोरगा, माझ्यापेक्षा तोच जास्त लाजला! मी बी.ए. झालेली, बचत गटाच्या बायकांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी बाई. पण चक्कर येते तेव्हा शिक्षणबिक्षण सगळं गरगरतं, हे तेव्हा कळलं.

आम्ही सांगलीकर. मिरज शेजारी, म्हणजे दवाखान्यांचं गावच जवळ. संक्रांतीच्या सुमारास एका मैत्रिणीच्या आग्रहाने तिथल्या एका कान-नाक-घशाच्या तरुण डॉक्टरांकडे गेले. मी फाईल पुढे केली. त्यांनी ती उघडलीच नाही. म्हणाले, "ताई, चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं?"

अडीच महिन्यांत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता.

मी सांगितलं, घर फिरतं. किती वेळ? अर्धा मिनिट. कधी? कुशीवर वळताना, वर बघताना. नुसतं बसल्यावर? नाही. चालताना? नाही. मग त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं. "डोळे मिटू नका, माझ्याकडे बघा." चार-पाच सेकंद काही झालं नाही आणि मग खोली अशी फिरली की मी त्यांचा हात घट्ट धरला. ते मात्र शांतपणे माझ्या बुबुळांची थरथर बघत होते. म्हणाले, "मणका नाही, कान आहे."

आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात. वयामुळे, डोक्याला मार लागून किंवा काही कारण नसतानाही ते जागेवरून सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. मग डोकं हललं की कण हलतात, नळीतला द्रव ढवळतो आणि आपण फिरतोय असा खोटा निरोप मेंदूला जातो. पन्नाशीच्या आसपास आणि पुढे हे जास्त दिसतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. यावर गोळी नाही. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण पुन्हा जागेवर सरकवायचे. जॉन एप्ली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही रीत शोधली, १९९२ साली ती सविस्तर छापून आली. माझं ते काम दहा मिनिटांत झालं. आठवड्याने पुन्हा एकदा केलं आणि चक्कर गेली. वर्षभराने एकदा परत आली, तेव्हा कुठे जायचं ते मला ठाऊक होतं.

मग रिपोर्टातल्या फुगलेल्या चकतीचं काय? मी विचारलंच. डॉक्टर हसले. म्हणाले, "चाळिशी झाली की केस पिकतात ना, तशा चकत्याही पिकतात." नंतर मी याबद्दल वाचलं. आपल्या पाठीच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात, बाहेर चिवट आवरण आणि आत मऊ गर. वयाबरोबर गरातलं पाणी कमी होतं, चकती चपटी होते, थोडी बाहेर येते. जपानमध्ये १२११ निरोगी माणसांच्या मानेचा एमआरआय करून पाहिला, त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. मानेची काहीही तक्रार नसलेल्या त्या माणसांपैकी ८७ टक्क्यांहून जास्त लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या! कंबरेच्या मणक्यांबाबत अमेरिकेत १९९४ मध्ये असाच अभ्यास झाला, तिथेही कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांपैकी निम्म्यांच्या रिपोर्टात फुगवटा होता. म्हणजे रिपोर्ट खोटा नसतो. पण रिपोर्टात दिसतं तेच दुखण्याचं कारण असेल असं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिलाच नसता. लिहायला बसले ते पुढच्या गोष्टीमुळे.

आमच्या बचत गटात तासगावकडच्या एक आक्का आहेत. वय पन्नासच्या आत-बाहेर. बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जायच्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान खाली घालून काडी, खडा, काळा मणी बाजूला काढायचा. त्यांची तक्रार, "वैनी, चक्कर येतीया बगा." गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, मग चक्करच्या गोळ्या. दीड वर्ष त्या गोळ्या चालू होत्या. आणि मी? मी नुकतीच कानाच्या उपचारानं बरी झालेली. मला वाटलं, जगातल्या सगळ्या चकरांचं गुपित आता मला कळलंय. मी ठासून सांगितलं, "आक्का, मणक्याचं काही मनात आणू नका. कानाचं असणार." त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे काही सापडलं नाही. "बरं झालं, काही नाही," असं म्हणून आम्ही दोघी गप्प बसलो. चार महिने गेले.

२०२४ च्या श्रावणात गटाच्या बैठकीत आक्का सही करायला पुढे आल्या. पेन बोटांतून दोनदा निसटलं. शेजारची बाई थट्टेनं म्हणाली, "आक्का, बेदाणं बी असंच सांडताय व्हय?" आक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "व्हय गं, सांडत्यात." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत, सून लावून देते. पायात चप्पल आहे का नाही ते कळत नाही. कापसावर चालल्यासारखं वाटतं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, म्हणून भिंतीला टेकून तोंड धुतात. अंधारात परसात जायची भीती वाटते. मान मात्र फारशी दुखत नव्हती.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पाय केवढ्यांदा तरी उडाला. हाताची मूठ पटापट उघड-मीट करायला सांगितली, जमेना. एका सरळ रेषेत चालायला सांगितलं, जमेना. एमआरआयमध्ये कारण दिसलं. मानेतली चकती मागे सरकून थेट मज्जारज्जूवर, म्हणजे मेंदूतून हातापायांकडे जाणाऱ्या मुख्य दोरीवर दाबत होती. इथे मालिश, पट्टा, गोळी यांचा उपयोग नव्हता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं, पैशाची अडचण आली नाही. आक्का आता आधाराशिवाय चालतात. पण बोटं पूर्ण परत आली नाहीत. बेदाणा निवडायचं काम सुटलं ते सुटलंच. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, दाब काढला की बिघडणं थांबतं, पण जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. जितकं लवकर याल तितकं चांगलं.

दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी बसून मी म्हटलं, "आक्का, माझं चुकलं." त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांची पकड सैल होती. म्हणाल्या, "तुमचं काय न्हाई वो वैनी. मी चक्कर चक्करच म्हणत हुते की. मला दुसरा शबुद कुणी इचारलाच न्हाई."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्याही चकरेला 'चक्कर'च म्हटलं गेलं आणि आक्कांच्याही. माझी मणक्याच्या खात्यात टाकली, ती होती कानाची. आक्कांची अशक्तपणाच्या खात्यात आणि मग माझ्यामुळे कानाच्या खात्यात गेली, ती होती मणक्याची.

खरं तर आपल्या मराठीत यासाठी किती शब्द आहेत! मी मराठी घेऊन बी.ए. केलं, पण त्या शब्दांची किंमत मला आता कळली.

घर फिरतं, आपण फिरतो, त्याला आपण गरगरणं म्हणतो. ते बहुतेक वेळा कानाकडे बोट दाखवतं. डोकं हलवल्यावर काही सेकंद असेल तर माझ्यासारखं. तासन् तास असेल, सोबत कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल तर कानाचाच दुसरा आजार असू शकतो. अर्धशिशीवाल्या बायकांनाही असं गरगरतं, कधी कधी डोकं न दुखताही.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, आता पडते की काय असं होतं. हे बीपी, साखर, हृदयाचे ठोके, कमी पाणी पिणं आणि आपल्या बायकांचा जुना सोबती, रक्तक्षय, यांचं काम. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याहून जास्तच. महिन्याची पाळी जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं, आणि आपण नेमकं तेच सांगत नाही.

डोकं फिरत नाही, अंधारीही येत नाही, पण चालताना तोल जातो, पाय भलतीकडे पडतो. हा तोल जाणं. याचं मूळ नसांमध्ये, मेंदूत किंवा मानेतल्या मज्जारज्जूत असू शकतं. आक्कांचं हे होतं.

आणि नुसतं डोकं हलकं वाटणं, छातीत धडधडणं, गर्दीत जीव घाबरणं. त्याला 'नाटकं' म्हणू नये. काळजीनेही माणसाला असं होतं आणि त्यावरही उपचार आहेत.

मान झिजली म्हणून खोली गरगर फिरते, हे जितक्या सहज सांगितलं जातं तितकं खरं नसतं. बाकी सगळी कारणं तपासून मगच मानेवर ठपका ठेवायचा असतो. आपल्याकडे आधी ठपका, मग तपासणी.

आता उपचारांचं. चकतीचं दुखणं निघालं की आपल्याला दोनच टोकं दिसतात, एक तर ऑपरेशनची भीती, नाही तर गावोगावचे हाडवैद्य. मधला रस्ता खूप मोठा आहे. मान किंवा कंबर दुखून हातापायात कळ जाते अशा बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतं. बाहेर आलेला चकतीचा भाग शरीर हळूहळू स्वतःच जिरवून टाकतं. तोवर दुखणं सोसवेल एवढी गोळी आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम. महिनाभर अंथरुणाला खिळून राहण्याचे दिवस गेले. एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू हालचाल. गळ्यातला पट्टाही महिनोन् महिने वापरला तर मानेचे स्नायू आणखी दुबळे होतात. तेलाचं मालिश हलक्या हाताने केलं तर बरं वाटतं, त्याला माझी ना नाही. पण कडकन मान मोडून घेणं, मग ते हाडवैद्याकडे असो की सलूनमध्ये, जिवावर बेतू शकतं. मानेतून मेंदूला रक्त नेणारी रक्तवाहिनी त्यात फाटू शकते. पायाळूचा पाय पाठीला नुसता लागला तर काही बिघडत नाही, पण दणका बसला तर बिघडू शकतं. चक्करच्या गोळ्याही वर्ष वर्ष घ्यायच्या नसतात. त्या काही दिवसांपुरत्या असतात. जास्त काळ घेतल्या तर तोल सावरायची मेंदूची स्वतःची ताकद मंदावते, काही गोळ्यांनी हातही थरथरायला लागतात. आणि कानाच्या त्या डोकं वळवण्याच्या युक्त्या मोबाईलवर बघून घरी करू नका. कुठला कान ते आधी कळावं लागतं, आणि मान खराब असेल तर त्यात धोका आहे.

मात्र काही गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही. अचानक तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एकाचे दोन दिसणं, एक बाजू लुळी पडणं, उभंच न राहता येणं, यातलं काही चक्करबरोबर झालं तर लिंबूपाणी देत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. हातातल्या वस्तू निसटणं, चालताना पाय अडखळणं, हे हळूहळू वाढत असेल तर मणक्याच्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा. आणि कंबरेचं दुखणं असताना लघवी तुंबली, कळेनाशी झाली, मांड्यांमधली जागा बधिर झाली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. ही सांगायची लाज वाटते हे मला माहीत आहे. आक्कांनाही लघवीला घाई व्हायची, कपडे ओले व्हायचे. ते त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. लाजेपायी आपण जे लपवतो, डॉक्टरांना नेमकं तेच ऐकायचं असतं.

दवाखान्यात जाताना फाईल न्याच, पण सोबत एक कागदही न्या. त्यावर घरीच लिहून ठेवा. नेमकं काय होतं, फिरतं, अंधारी येते की तोल जातो. किती वेळ टिकतं. काय केल्यावर येतं. सोबत आणखी काय होतं, ऐकू कमी येणं, मुंग्या, लघवीची तक्रार, पाळीची तक्रार. कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, नातीकडून लिहून घ्या. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, तुमचं बोलणं मध्येच तुटतं. कागद तुटत नाही. एमआरआयला हजारो रुपये लागतात, म्हणून आधी विचारा, "डॉक्टर, यातून तुम्हाला काय बघायचंय?" विचारायला घाबरू नका. मोठा खर्च सांगितला तर योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना विचारा.

घरच्यांसाठीही दोन शब्द. बाईला चक्कर आली की आपण म्हणतो, "जरा पड." अर्ध्या तासाने कुकरची शिट्टी झाली की तीच उठते. पाण्याची घागर, खाली बसून केलेली धुणीभांडी, दिवसभर वाकलेली मान, याची बेरीज कुठल्याच रिपोर्टात येत नाही. तिच्यासोबत दवाखान्यात जा, आणि तिच्या वतीने तुम्हीच बोलू नका. तिला बोलू द्या.

आमच्या गटाच्या बैठकीत आता बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं मी राखून ठेवते. कोणी म्हणालं, "ताई, चक्कर येतीया," तर मी आजाराचं नाव सांगत नाही. तो धडा मी शिकले. मी एवढंच विचारते, "म्हंजे नेमकं काय होतं गं?" आणि मग ऐकते. परवा एका नव्या सुनेला हा प्रश्न माझ्याआधी आक्कांनीच विचारला.